माझ्या मापाचा नेक

गिटारचा नेक किती जाड असावा, या गोष्टीवरून मी माझ्या सख्ख्या भावाशी आठ महिने बोलले नाही. हे सांगितलं की लोक हसतात. लॅबमधल्या पोरी हसल्या, ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला हसला. मावशी तर म्हणाली, "जमिनीवरून भांडणं बघितली, भांड्याकुंड्यांवरून बघितली, लाकडाच्या दांड्यावरून पहिल्यांदाच बघते." मला तेव्हा हसू आलं नाही आणि आजही येत नाही.

दांडाच आहे तो. गिटारचं अंग पोटाशी धरायचं, त्यातून जो लांब दांडा निघतो तो नेक. अंगठा त्याच्या पाठीमागं, चार बोटं पुढून तारांवर. नेकवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तार कुठल्या फ्रेटपाशी दाबली त्यावर सूर ठरतो. म्हणजे वाजवणाऱ्याचा डावा हात सगळा वेळ नेकवरच राहतो. अंगाचा रंग कुठलाही असू द्या, नेक हाताला बसला नाही तर ती गिटार तुमची होत नाही.

माझा डावा हात लहान आहे आणि त्याची करंगळी वाकडी आहे. चौथीत असताना शाळेच्या लोखंडी गेटमध्ये ती सापडली. घरच्यांनी हाड बसवणाऱ्याकडं नेलं. त्यानं बांबूची चिपाट लावून फडकं गुंडाळलं. फडकं सुटलं तेव्हा करंगळी मधल्या पेरातून आत वळलेली होती, ती तशीच राहिली. भाकरी थापायला, लिहायला तिच्यावाचून अडत नाही. मी एका खाजगी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, तिथंही अडत नाही. दिवसभर लोकांचे हात माझ्या हातात असतात. जाड, बारीक, घट्टे पडलेले, मेंदीचे, थरथरणारे. शीर शोधायची तर आधी समोरच्याचा हात बघावा लागतो, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं. गिटारच्या बाबतीत माझा हात बघायला मात्र बरीच वर्षं कुणालाच सुचलं नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. कॉलेजात असताना त्यानं जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. मग तो वाळूजच्या कंपनीत लागला, शिफ्टा सुरू झाल्या आणि गिटार खिळ्याला लागली. पहिले तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, मला त्यानंच शिकवले, ते मी नाकारत नाही. पुढचं मी ऐकून, बघून, बोटांची सालं काढून शिकले. एका वर्षी आमच्या मुकुंदवाडीतल्या जयंतीच्या कार्यक्रमाला ऑर्केस्ट्राचा गिटारवाला आलाच नाही. विहाराच्या समोर स्टेज बांधून तयार होतं, माणसं बसलेली होती. मी ओढणी कमरेला बांधली आणि उभी राहिले. पुढं अकरा वर्षं तसंच चाललं. जयंती, हळदी, लग्नं, सगळं मी दादाच्या त्या गिटारवर वाजवलं. तिचा नेक मुसळासारखा. करंगळी पोचावी म्हणून मी मनगट वाकडं करायचे, आणि कार्यक्रम संपला की दोन दिवस लॅबमध्ये सिरिंज डाव्या हातानं धरवायची नाही. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाताला बसेल असं वाद्य घ्या, नाहीतर वाजवणं सोडा.

औरंगपुऱ्यातल्या दुकानात दादा माझ्यासोबत आला होता. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "कुणाला पाहिजे?" मी म्हणाले, मला. त्यानं आतून एक गुलाबी गिटार आणली आणि दादाला म्हणाला, "लेडीजसाठी हेच चालतं, सर." मी बारीक नेकचं विचारलं, त्यानं दादाला उत्तर दिलं. मी फ्रेटचं विचारलं, त्यानं पुन्हा दादाकडंच बघितलं. दादाही मान हलवत राहिला. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "तू मान कशाला हलवत होतास?" तो म्हणाला, "अगं, बोलत होता माणूस, काय करू?" तेव्हाच मी ठरवलं की आता दुकान नको. आपली गिटार आपण करवून घ्यायची, स्वतःच्या पगारातून, आणि माप द्यायला एकटीनं जायचं.

करमाडला एक चाचा गिटार करून देतात, हे ढोलकीवाल्यानंच सांगितलं. चाचांनी तीस वर्षं फाउंड्रीत लाकडी पॅटर्न केले होते, म्हणजे ज्या लाकडी आकारावरून वाळूत साचा पाडतात ते. रिटायर झाल्यावर घरामागं पत्र्याचं शेड टाकून आधी हार्मोनियम दुरुस्त करायला लागले, मग गिटार बनवायला. एका रविवारी मी स्कूटीवर गेले. चाचांनी आधी चहा मागवला, मग म्हणाले, "हात दाखव बेटा. ज्योतिषी नै मैं, घाबरू नको." त्यांनी माझा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं कडा काढली. करंगळीपाशी पेन्सिल थांबली. "ये कब की?" मी सांगितलं. त्यांनी फक्त "हं" केलं आणि वाकडी कडा जशी आहे तशी कागदावर उतरवली.

शेडच्या भिंतीला पाच नेक टांगलेले होते. तारा नाहीत, फ्रेट नाहीत, नुसती लाकडं. "आँखें बंद कर. एकेक देता मैं हाथ में. महाग कौन्सा, सस्ता कौन्सा, वो सोचना नक्को. हाताला काय वाटतं ते बोल." पहिल्याची पाठ अर्धगोल होती, हात भरून गेला. दुसऱ्याला मधोमध कणा होता, तो तळव्यात रुतला. तिसरा चपटा आणि बारीक, पहिल्या फ्रेटपाशी जेमतेम एकोणीस मिलिमीटर. तो हातात आला आणि माझा अंगठा आपोआप सैल पडला. मी म्हणाले, हा. चाचा म्हणाले, बाकीचे दोनही बघ. मी बघितले आणि परत म्हणाले, तिसरा.

मग तारेची लांबी. दादाच्या गिटारची साडेपंचवीस इंच होती. चाचांनी एका लांब फळीवर दोन्ही मापांच्या रेघा मारलेल्या होत्या, साडेपंचवीसच्या आणि चोवीसच्या. तार आखूड केली की फ्रेटमधलं प्रत्येक अंतर थोडं थोडं कमी होतं. मी आधी लांब मापावर बोटं ठेवली, करंगळी रेघेच्या अलीकडं राहिली. मग आखूड मापावर ठेवली. मनगट सरळ ठेवून करंगळी रेघेवर टेकली. अकरा वर्षं मी समजत होते की माझा हात कमी पडतो. चाचा काहीतरी बोलत होते, मला काही वेळ ऐकूच आलं नाही.

फ्रेटसाठी त्यांनी पट्टीचे दोन तुकडे दिले, एक उंच आणि अरुंद, एक बुटका आणि रुंद. उंच फ्रेटवर तार नुसती टेकवली तरी सूर लागतो, पण जोरात दाबणाऱ्याचा सूर चढतो. मी सवयीनं जोरात दाबते, म्हणून बुटके ठरले. स्टीलचे घ्यायचे का, विचारलं तर म्हणाले, "ले ना. मेरी कानस घिसेगी, तेरे फ्रेट नै घिसेंगे." सगळं त्यांनी एका कागदावर लिहिलं, जाडी, लांबी, वरच्या टोकाची रुंदी, अंगठ्याच्या बाजूला थोडा उतार. खाली मला सही करायला लावली. ऑर्डरच्या कागदावर माझ्या हाताचं चित्र आणि माझी सही. कागद चाचांपाशी ठेवून मी जालना रोडनं घरी आले तेव्हा हेल्मेटच्या आत गात होते.

चूक माझी एवढीच की महिनाभरानं पिकअपचं, म्हणजे तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकांचं, पार्सल मी दादाच्या हाती करमाडला पाठवलं. लॅबमध्ये तापाची साथ चालू होती, मला सुट्टी नव्हती. तो म्हणाला, "दे, मी टाकून येतो."

दिवाळीनंतर चाचांचा फोन आला. दादा म्हणाला, मीही येतो, एवढं मोठं धूड स्कूटीवर कशी आणशील. शेडमध्ये गिटार कपड्यावर ठेवली होती. गडद निळी, सुंदर. मी उचलली, डावा हात नेकवर ठेवला, आणि माझा अंगठा ताठ झाला.

मी करंगळी ताणून बघितली. पोचली नाही.

"चाचा, हा नेक माझा नाही."

चाचांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग दादाकडं. "भाई आये थे ना, बेटा. पार्सल लेके. बोले घर में बात हो गई, माप बदलो."

भिंतीवर खिळ्याला माझा कागद लावलेला होता. माझ्या हाताच्या चित्राखाली जेवढे आकडे होते तेवढ्यांवर काट मारून बाजूला पेन्सिलीनं नवे लिहिले होते. एकोणीसचे तेवीस. चोवीसचे साडेपंचवीस. माझी सही तशीच खाली.

मी दादाला विचारलं, "घरात कुणाशी बात झाली?"

"ऐक तरी. इतका बारीक नेक लई दिवस टिकत नाय. तारांच्या ताणानं वाकतो."

"कुणाशी बात झाली?"

"अगं, उद्या तू सासरी गेली तर गिटार कोण वाजवणार? घरातच राहणार ना? मग घरातल्या माणसाच्या हाताला बसाय नको?"

असं म्हणून त्यानं माझ्या हातातून गिटार घेतली. त्याचा हात नेकवर गेला आणि तिथं असा बसला की जणू आईनं जन्मतःच मोजून दिला होता. त्यानं एक कॉर्ड वाजवला. आवाज फार चांगला आला. त्याच्या तोंडावर आनंद होता आणि तो त्याला लपवताही आला नाही. त्या आनंदाचा मला जितका संताप आला तितका त्याच्या बोलण्याचा आला नव्हता. हा माणूस महिनोन्‌महिने माझ्यासमोर बसून जेवत होता. मी रोज म्हणत होते, चाचांचा फोन अजून कसा आला नाही, आणि तो म्हणत होता, होईल गं, घाई करू नको.

"बत्तीस वर्षांची आहे मी," मी म्हणाले. "सासर अजून दिसत नाही कुठं, आणि तू त्याच्या नावानं माझा नेक जाड केलास."

"लई बोलू नको. पहिला कॉर्ड कुणी शिकवला तुला?"

"तीन शिकवलेस. तीनच."

मी चाचांनाही सोडलं नाही. म्हणाले, कागदावर सही माझी आहे, पैसे माझे आहेत, फोन नंबर माझा आहे. एक फोन करायला काय झालं होतं? दादा म्हणाला, "मोठ्या माणसाशी असं बोलतात व्हय?" मी गिटार तिथंच ठेवली, दादाला सोडून रस्त्यावर आले आणि एसटीनं परतले. त्या दिवशी कुणाची शीर सापडली नसती मला.

घरी आई त्याच्याच बाजूनं बोलली. मला अपेक्षित होतं. तो थकून येतो, त्यालाही आवड आहे, त्यानं काय चोरी केली का. मी म्हणाले, चोरीच केली. मग आई म्हणाली, "त्या करंगळीचं एवढं काय घेऊन बसलीस? इतक्या वर्षांत तुझं काय अडलं?"

मी तिला अडलेलं सगळं सांगितलं. हळूहळू, एकेक. शाळेच्या बॅण्डमध्ये ड्रमची डावी काठी पेलता आली नाही म्हणून मला झेंडा धरायला लावला, ते सांगितलं. टायपिंगची परीक्षा राहिली ते सांगितलं. मनगटावर रात्री गरम मीठ बांधून झोपत होते ते सांगितलं, आणि ते तिला माहीत होतं, मीठ तिच्याच डब्यातलं होतं. आई उठून भांडी घासायला गेली. मला तिची दया आली नाही. पुढं कधीतरी आली, पण त्या दिवशी नाही.

पुढच्या रविवारी मी एकटी करमाडला गेले. गिटार परत करून पैसे मागायचे, असं ठरवून गेले होते. चाचांनी स्टूल पुढं केलं. मी बसले नाही.

ते म्हणाले, "तीस साल ड्रॉइंग पे काम किया. ज्याची सही, त्याचंच ऐकायचं. साहेबाचा साहेब आला तरी सही बघायचो. यहाँ भूल गया." मग थोडं थांबून म्हणाले, "झूठ कायकू बोलूं बेटा. अगर ग्राहक लडका होता, तो उसके भाई की मैं नै सुनता."

त्यांनी खरं सांगितलं म्हणून माझा राग कमी झाला नाही. उलट वाढला. इतकं सरळ जर त्यांना दिसत होतं तर त्या दिवशी का दिसलं नाही? मी तसं म्हणालेही. चाचा म्हणाले, "दिखा था. आसान था, इसलिए कर दिया." मी स्टूलवर बसले.

दुसरा नेक त्यांनी आपल्या खर्चानं केला, पण माझी अट होती की प्रत्येक रविवारी मी समोर असणार आणि माझ्याशिवाय कुणी आलं तर दार लावून घ्यायचं. जुन्या नेकचे चार स्क्रू मी स्वतः काढले. तारेची लांबी बदलल्यामुळं अंगावरचा ब्रिज, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तीही पुढं सरकवावी लागली. जुनी भोकं चाचांनी लाकडाच्या खुंट्यांनी बुजवली. रंग लावून झाकू का, विचारलं. मी नको म्हणाले. निळ्या अंगावर ते पिवळट ठिपके दिसतात आणि लोक विचारतात. मी सांगते.

लाकूड तासताना ते मधेमधे थांबायचे, मी हात लावून बघायचे. "अजून." पुन्हा तासायचे. "अंगठ्याकडं अजून जरा." एकदा ते वैतागले, "और कितना? आत लोखंडी सळई है, वो दिखने लगेगी." मी म्हणाले, सळईपर्यंत जायचं नाही, पण तिच्या अलीकडं माझंच ऐकायचं. ते पुन्हा तासायला लागले.

फ्रेट ठोकायच्या आदल्या रविवारी मी मत बदललं. बुटके नको, उंच पाहिजेत. चाचा म्हणाले, तू जोरात दाबतेस, सूर चढेल. मी म्हणाले, मी जोरात दाबते कारण इतकी वर्षं माझी ताकद मुसळाशी झुंजण्यात गेली. आता कशाला दाबू? त्यांनी कागदावर खाडाखोड केली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी बदललेल्या आकड्याशेजारी पुन्हा सही केली.

पहिले काही आठवडे सूर चढलाच. सवय बोटांतून लवकर जात नाही. रोज लॅबमधून आल्यावर मी तार नुसती टेकवायचा सराव करायचे. जयंतीपर्यंत हात हलका झाला. त्या वर्षी मिरवणुकीनंतर मी सलग तीन तास वाजवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नेहमीसारखी रक्त काढायला बसले. मनगट ठीक होतं. स्टेजवर निवेदकानं माझी ओळख करून देताना म्हटलं, "भावाचा वारसा पुढं चालवणारी बहीण." मी माईकपाशी जाऊन म्हणाले, "वारसा नाही, गिटार माझी आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना गंमत वाटली असावी. दादा खुर्च्यांच्या मागच्या रांगेत होता. मी बघितलं, तो उठून गेला.

घरात आम्ही एकाच दारातून ये-जा करत होतो आणि निरोप आईमार्फत द्यायचो.

जुलैत एका सकाळी तो लॅबमध्ये आला. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली होती. दुसऱ्या लॅबमध्ये जाता आलं असतं त्याला. टेबलावर दुसरी मुलगी होती, तिच्याकडं न जाता तो माझ्या खुर्चीत बसला.

"उपाशी आहेस?" मी विचारलं. आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य.

"व्हय."

"मूठ आवळ."

त्यानं आवळली. मी पट्टा बांधला. त्याची शीर ठसठशीत आहे, शोधावी लागत नाही.

"अजून राग हाय?"

"आहे."

"मी वाईट मनानं नव्हतं केलं."

"तुझ्या मनात मी नव्हतेच. तेच तर म्हणते मी."

सुई आत गेली तेव्हा तो भिंतीकडं बघत होता. लहानपणापासून त्याला सुई बघवत नाही. "चुकलं माझं," तो भिंतीला म्हणाला. मी नळी भरली, पट्टा सोडला, कापूस ठेवला.

"दाबून धर. चोळू नको."

साखर थोडी जास्त निघाली. मी रिपोर्ट स्वतः घरी आणला आणि त्याच्या हातात दिला, आईमार्फत दिला नाही. तेव्हापासून आम्ही बोलतो. भात नको खाऊ, गोळी घेतली का, गॅस संपला, असं.

मग मला कळलं की तो जाड नेक चाचांनी त्याला विकला. दादानं एक जुनं अंग मिळवून त्यावर बसवून घेतला आणि आता सुट्टीच्या दिवशी आतल्या खोलीत वाजवतो. चांगला वाजवतो. तेच मला सहन होत नाही. माझं माप खोडून त्याला जे पाहिजे होतं ते शेवटी त्याला मिळालंच, आणि त्यासाठी आठ महिने माझी भांडखोर म्हणून बदनामी झाली. मी चाचांना जाब विचारला. ते म्हणाले, लाकूड चांगलं होतं, फेकू का? बरोबर आहे, लाकूड चांगलं होतं.

परवा जेवताना दादा म्हणाला, "येत्या जयंतीला दोन गिटारा ठेवू का? तू अन् मी?"

"नको," मी म्हणाले.

"का?"

"मला नको आहे म्हणून."

आईनं माझ्याकडं बघितलं. दादानं उरलेली भाकरी मोडली.

सध्या मी एका नव्या गाण्याचा मधला तुकडा बसवते आहे. त्यात करंगळीला सलग सहा वेळा लांब जावं लागतं. चार वेळा नीट पोचते, पाचव्याला सुटते. रोज तासभर तेवढंच करते.